कोरियन मृत्पात्री : अनामिक हातांचा वारसा

जपानमधील क्योतो शहरात दाइतोकु-जी हा झेन पंथाचा प्रसिद्ध मठ आहे. त्याच्या आवारातील कोहो-आन या उपमंदिरात एक वाडगा जपून ठेवला आहे. एकात एक बसणाऱ्या लाकडी पेट्यांत तो बंदिस्त असतो आणि त्याचे दर्शन क्वचितच घडते. रंग पिवळसर तपकिरी, कड किंचित वाकडी, तळाशी झिलई आकसून उमटलेले खरखरीत दाणे. 'किझाएमोन इदो' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या वाडग्याला जपान सरकारने 'राष्ट्रीय ठेवा' हा सर्वोच्च दर्जा दिला आहे. मात्र तो जपानी नाही. सोळाव्या शतकाच्या सुमारास कोरियाच्या दक्षिण भागातील कुणा कुंभाराने तो घडवला. तो रोजच्या जेवणातला भाताचा वाडगा असावा, असे अनेक वर्षे मानले गेले. पूजाविधीतील पात्र असावे, असेही काही अभ्यासकांचे मत आहे. ज्या व्यापाऱ्याकडे तो पुढे आला त्याचे नाव वाडग्याला मिळाले. घडवणाऱ्याचे नाव मात्र कुणालाही ठाऊक नाही.

कोरियन कुंभारकलेचा सारा इतिहास या एका वाडग्यात साठलेला आहे, असे म्हणता येईल. चीन आणि जपान या दोन मोठ्या शेजाऱ्यांच्या मध्ये वसलेल्या या द्वीपकल्पाने एकाकडून तंत्र घेतले, त्याला स्वतःचे रूप दिले आणि दुसऱ्याकडे ते पोहोचवले. या देवाणघेवाणीतील बराचसा भाग राजीखुशीचा होता. काही भाग तलवारीच्या धाकाने झाला. पात्रांना मान मिळाला, किंमत मिळाली, संग्रहालये मिळाली. ती घडवणारे हात मात्र मायदेशात दीर्घकाळ उपेक्षित राहिले.

कंगव्याच्या रेघांपासून

कोरियात मातीची भांडी घडवण्याची परंपरा नवाश्मयुगापर्यंत मागे जाते. दक्षिणेकडील जेजू बेटावर गोसान-री येथे सापडलेली खापरे सुमारे दहा हजार वर्षांपूर्वीची मानली जातात. त्यानंतरच्या काळातील पात्रांवर कंगव्याने ओढल्यासारख्या समांतर, तिरप्या रेघा आढळतात, म्हणून त्यांना 'कंगवा-नक्षीची पात्री' असे नाव पडले. इ. स. १९२५ मध्ये हान नदीला मोठा पूर आला. त्या पुरात काठाची माती वाहून गेली आणि आजच्या सोल शहराच्या हद्दीतील आम्सा-दोंग येथे अशा पात्रांचा मोठा साठा उघडा पडला. यातील अनेक भांड्यांचे बूड निमुळते आहे. नदीकाठच्या वाळूत ती रोवून उभी केली जात असावीत.

पुढे शेती स्थिरावली तशी नक्षी लोपली आणि साध्या, बिननक्षीच्या भांड्यांचे युग सुरू झाले. इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत गोगुर्यो, बेक्चे आणि सिल्ला ही तीन राज्ये आणि त्यांच्या दक्षिणेस गाया हा छोट्या राज्यांचा संघ उदयास आला. (या नावाचा बिहारमधील गयेशी संबंध नाही.) या काळात कुंभारांनी एक मोठी मजल मारली. उघड्या आव्यात भांडी भाजण्याऐवजी डोंगरउतारावर बोगद्यासारखी लांबट भट्टी बांधली जाऊ लागली. उतारामुळे ज्वाळा आपोआप वर खेचल्या जातात आणि तापमान एक हजार अंश सेल्सियसच्या पुढे जाते. इतक्या उष्णतेत माती घट्ट होते, पाणी झिरपत नाही आणि भांड्यावर टिचकी मारली तर धातूसारखा नाद येतो. सिल्ला आणि गाया येथील राखाडी रंगाची, उंच बैठकीवर चौकोनी झरोके कोरलेली पात्रे याच भट्ट्यांतली आहेत.

ही पात्रे प्रामुख्याने थडग्यांत सापडतात. मृताच्या पुढील प्रवासासाठी ती सोबत ठेवली जात. सिल्लाची राजधानी ग्योंगजू येथील एका थडग्याचे उत्खनन १९२४ मध्ये झाले, तेव्हा घोडेस्वाराच्या आकाराची दोन मृत्पात्रे मिळाली. एक स्वार धनी, दुसरा त्याचा सेवक. घोड्याच्या पाठीवरील फनेलसारख्या तोंडातून द्रव ओतायचा आणि छातीवरील तोटीतून तो बाहेर काढायचा, अशी त्यांची रचना आहे. खोगीर, रिकीब, टोपी असे बारकावे त्यात इतके स्पष्ट आहेत की, त्या काळच्या पोशाखाचा पुरावा म्हणूनही ती अभ्यासली जातात.

पाचव्या शतकात हे तंत्र समुद्र ओलांडून जपानला पोहोचले. तेथे 'सुए' या नावाने ओळखली जाणारी राखाडी पात्रे गाया प्रदेशातून गेलेल्या कारागिरांच्या हातून आकाराला आली. उतारावरची भट्टी आणि वेगाने फिरणारे चाक या दोन्ही गोष्टी जपानी कुंभारांना तेव्हा मिळाल्या. कोरियाकडून जपानकडे गेलेला कुंभारकलेचा हा पहिला मोठा प्रवाह. तो एकमेव मात्र नव्हता.

पाचूच्या छटेची दोन शतके

इ. स. ९१८ मध्ये स्थापन झालेल्या गोर्यो राजवटीने बौद्ध धर्माला राजाश्रय दिला. 'कोरिया' हे आजचे जागतिक नावही याच राजवटीवरून आले. मठांतून चहापानाची प्रथा रुजली आणि दरबाराला चिनी पात्रांची ओढ लागली. चीनच्या झेजियांग प्रांतातील युए भट्ट्यांत हिरवट झिलईची पात्रे तयार होत. 'सेलाडॉन' या नावाने ती जगाला परिचित आहेत. दहाव्या शतकात हे तंत्र कोरियात आले. नैर्ऋत्य किनाऱ्यावरील कांगजिन आणि बुआन ही त्याची मुख्य केंद्रे ठरली. चांगली माती, भरपूर सरपण आणि राजधानीपर्यंत जलमार्ग या तिन्ही सोयी तेथे होत्या.

सेलाडॉनचा रंग कोणत्याही हिरव्या रंगद्रव्यातून येत नाही. माती आणि झिलईत अल्प प्रमाणात लोह असते. भट्टी बाराशे अंशांच्या आसपास तापली की हवेची वाट कोंडली जाते. प्राणवायू अपुरा पडल्याने ज्वाळा झिलईतील लोहातूनच प्राणवायू ओढून घेतात आणि एरवी पिवळा किंवा तपकिरी पडणारा रंग निळसर हिरवा होतो. हवा थोडी अधिक शिरली तर सारा घाणा वाया जातो. कोरियन कुंभारांनी या क्रियेवर असा ताबा मिळवला की, त्यांच्या पात्रांचा रंग जेड या मौल्यवान दगडाच्या जवळ गेला. त्याला ते 'पी-सेक' म्हणत. इ. स. ११२३ मध्ये सोंग सम्राटाचा शू जिंग हा दूत गोर्योच्या राजधानीत, म्हणजे आजच्या केसाँग शहरात, आला होता. त्याने आपल्या वृत्तांतात या रंगाची आवर्जून नोंद घेतली आणि सिंहाच्या आकाराच्या धूपदाणीचे कौतुक केले. शिष्याच्या हातचे काम गुरूच्या घरच्या माणसाने वाखाणावे, असाच हा प्रसंग.

बाराव्या शतकाच्या मध्यास कोरियन कुंभारांनी स्वतःची अशी एक भर घातली. भांडे अर्धवट सुकले की त्यावर नक्षी कोरायची, खोबणीत पांढरी किंवा तांबडी माती भरायची, वरचा थर खरवडून पृष्ठभाग सपाट करायचा, एकदा भाजून मग झिलई चढवायची आणि पुन्हा भट्टीत घालायचे. तांबडी माती भाजल्यावर काळी होते. पारदर्शक हिरव्या झिलईखाली पांढरे बगळे, काळ्या चोची, ढग, वेतांची बेटे, पाण्यावरची बदके दिसू लागतात. या भरणकामाला 'सांगाम' म्हणतात. धातूवर सोन्या-चांदीची तार ठोकून बसवण्याची आणि लाखकामात शिंपले जडवण्याची कला कोरियात आधीच होती. तिचा विचार येथे मातीत उतरला. बिदरी कामाची ज्यांना ओळख आहे त्यांना या पद्धतीतील कौशल्य सहज उमगेल. फरक एवढाच की धातू आक्रसत नाही, माती आक्रसते. दोन वेगळ्या माती सारख्या प्रमाणात आक्रसल्या नाहीत, तर नक्षी तडकून बाहेर पडते.

वैभवाच्या या काळात इ. स. ११५७ मध्ये उइजोंग राजाने राजवाड्यातील एका मंडपाच्या छपरावर सेलाडॉनची कौले घातली, अशी नोंद गोर्योच्या इतिहासग्रंथात आहे. ही अतिशयोक्ती वाटावी. पण १९६० च्या दशकात कांगजिनच्या जुन्या भट्ट्यांच्या परिसरात अशी कौले खरोखरच सापडली.

कांगजिनहून राजधानीकडे पात्रे जहाजाने जात आणि त्यांतील काही जहाजे वाटेत बुडत. मे २००७ मध्ये तेआनच्या किनाऱ्याजवळ एका मच्छीमाराने पकडलेल्या ऑक्टोपसाने आपल्या शुंडांत एक हिरवी बशी धरून ठेवली होती. ही जात अंडी घालण्यासाठी शिंपल्याची पोकळी शोधते आणि तिचे तोंड हाताशी येईल त्या वस्तूने बंद करते. त्या बशीचा माग काढत संशोधक समुद्रतळाशी पोहोचले, तेव्हा बाराव्या शतकातील एक जहाज आणि वीस हजारांहून अधिक सेलाडॉन पात्रे मिळाली. सोबत लाकडी चिठ्ठ्याही होत्या. माल कोठून निघाला, कोणाकडे जायचा, नग किती, याचा हिशेब त्यांवर शाईने लिहिलेला होता. कुंभाराच्या घामाचा माल दरबारी अधिकाऱ्यांच्या घरी कसा पोहोचत असे, याचा इतका थेट पुरावा क्वचितच मिळतो.

इ. स. १२३१ पासून मंगोल स्वाऱ्या सुरू झाल्या आणि या कलेला ओहोटी लागली. चौदाव्या शतकात किनाऱ्यावर जपानी चाच्यांचा उपद्रव वाढला. कुंभार भट्ट्या सोडून आतल्या मुलखात पांगले. पी-सेक रंगाचे गुपित त्यांच्याबरोबर विरून गेले.

हिरव्याकडून पांढऱ्याकडे

इ. स. १३९२ मध्ये जोसन राजवट आली. तिने बौद्ध धर्माऐवजी कन्फ्यूशियसच्या विचारांना राज्यतत्त्वाचे स्थान दिले. संयम, साधेपणा आणि पूर्वजपूजा या मूल्यांचा ठसा भांड्यांवरही उमटला. प्रारंभीच्या दीड-दोन शतकांत दोन प्रवाह शेजारी शेजारी वाहत होते.

पहिला प्रवाह 'बुन्चोंग' पात्रांचा. पांगलेल्या सेलाडॉन कुंभारांनीच तो पुढे नेला. राखाडी मातीच्या भांड्यावर पांढऱ्या मातीचा पातळ लेप द्यायचा आणि त्यावर ठसे मारायचे, खरवडायचे, लोहयुक्त रंगाने मासे-फुले रेखाटायची. कधी जाड कुंच्याचा एकच फटकारा मारून सोडून द्यायचे, तर कधी भांडे लेपात नुसते बुचकळायचे. यात दरबारी काटेकोरपणा नाही. हात वेगाने चालला आहे आणि कुंभार आपल्याच धुंदीत आहे, हे पाहताक्षणी जाणवते. विसाव्या शतकातील अनेक चित्रकारांना व कुंभारांना ही पात्रे आपल्या काळातील वाटली, यात नवल नाही. 'बुन्चोंग' हे नावही विसाव्या शतकातलेच. को यू-सोप या कोरियन कला-इतिहासकाराने ते रूढ केले.

दुसरा प्रवाह शुभ्र पोर्सलीनचा. राजा सेजोंगच्या काळात, पंधराव्या शतकाच्या पूर्वार्धात, राजघराण्याच्या वापरात पांढऱ्या पात्रांना मानाचे स्थान मिळाले. त्याच काळातील भौगोलिक नोंदींत देशभरातील ३२४ भट्ट्यांची गणना आढळते : १३९ पोर्सलीन व तत्सम पात्रांच्या आणि १८५ साध्या मृत्पात्रांच्या. पुढे सोलजवळच्या क्वांगजू परिसरात सरकारी भट्ट्या स्थापन झाल्या. राजाच्या मुदपाकखान्याचे खाते त्यांचा कारभार पाही आणि या खात्याकडे ३८० कुंभार नेमल्याची तरतूद जोसनच्या विधिसंहितेत आहे. आसपासचे सरपण संपले की साधारण दर दहा वर्षांनी भट्ट्यांचे ठाणे हलवले जाई. इ. स. १७५२ मध्ये बुन्वोन-री या नदीकाठच्या गावी त्या कायमच्या स्थिरावल्या.

या कुंभारांचा पेशा वंशपरंपरेने बांधलेला होता. वेठ चुकवता येत नसे, समाजातील स्थान खालचे आणि पात्रावर नाव घालण्याचा प्रश्नच नव्हता. सतराव्या शतकाच्या अखेरीस पडलेल्या दुष्काळात सरकारी भट्ट्यांवरचे अनेक कारागीर उपासमारीने मरण पावल्याची नोंद दरबारी दप्तरात आहे. राजाच्या ताटातील भांडी घडवणाऱ्यांच्या घरी ताटात घालायला काही नव्हते.

याच भट्ट्यांतून सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्या शतकात एक अपूर्व वस्तू बाहेर पडली. चाळीस सेंटिमीटरहून उंच, गोल, पांढरा, कोणतीही नक्षी नसलेला घट. एवढा मोठा गोल आकार चाकावर एका दमात उभा राहत नाही. मऊ माती स्वतःच्या भाराने खचते. म्हणून दोन मोठे वाडगे घडवून ते तोंडाला तोंड लावून जोडले जात. सांधा पुसला तरी मध्यभागी किंचित फुगवटा राहतो आणि भट्टीत घट थोडा कलतो. त्यामुळे कोणताही घट अचूक गोल नसतो. उगवत्या चंद्रासारखा थोडा इकडे, थोडा तिकडे झुकलेला दिसतो. त्याला 'चंद्रघट' हे नाव विसाव्या शतकात मिळाले. आधुनिक कोरियन चित्रकार किम व्हान-की याने तो आपल्या चित्रांतून पुन्हा पुन्हा रंगवला. मोठ्या आकाराचे जुने चंद्रघट जगभरात जेमतेम वीसच्या आसपास उरले आहेत. मार्च २०२३ मध्ये न्यूयॉर्कमधील लिलावात त्यांपैकी एकाला पंचेचाळीस लाख डॉलरहून अधिक किंमत आली. २०१८ च्या प्योंगचांग हिवाळी ऑलिंपिकमधील ज्योतीचे पात्रही याच आकारावर बेतलेले होते.

कुंभार पळवून नेणारे युद्ध

सोळाव्या शतकात जपानमध्ये चहापानाचा विधी कलेच्या पदाला पोहोचला होता. चहागुरू सेन नो रिक्यू याने झगमगाट नाकारून साध्या, ओबडधोबड, काळाने मळलेल्या वस्तूंत सौंदर्य पाहण्याची दृष्टी रुजवली. या दृष्टीला कोरियन वाडगे अगदी मानवले. सरदार एकेका वाडग्यासाठी मोठी रक्कम मोजू लागले. युद्धातील पराक्रमाचे बक्षीस म्हणून जमिनीऐवजी चहाची भांडी दिली जाऊ लागली.

इ. स. १५९२ मध्ये तोयोतोमी हिदेयोशी याने चीन जिंकण्याच्या महत्त्वाकांक्षेने कोरियावर स्वारी केली. १५९८ मध्ये त्याच्या मृत्यूनंतर जपानी फौजा परतल्या. कोरिया उद्ध्वस्त झाला, भट्ट्या विझल्या. परतणाऱ्या सरदारांनी जाताना जी लूट नेली तीत ग्रंथ होते, छपाईचे खिळे होते आणि माणसे होती. कुंभारांना तर शोधून शोधून नेण्यात आले. त्यामुळे जपानमध्ये या मोहिमेला 'मृत्पात्रांचे युद्ध' असेही म्हटले जाते. युद्धानंतर कोरियाने बंदिवान परत मिळवण्यासाठी १६०७ पासून दूतमंडळे पाठवली. हजारो लोक परतलेही. कुंभार मात्र फारसे परतले नाहीत. त्यांना सोडण्यास सरदार तयार नव्हते. शिवाय मायदेशी हीन मानल्या गेलेल्या कसबाला परक्या भूमीवर मान आणि जमीन मिळत होती, हेही एक कारण सांगितले जाते. हागी, कारात्सू, आगानो, ताकातोरी अशी पश्चिम जपानमधील नामवंत कुंभारकेंद्रे या कारागिरांनी उभारली किंवा भरभराटीला आणली.

सात्सुमा प्रांताच्या शिमाझू सरदाराने सुमारे ऐंशी जणांना आणले. त्यांची वस्ती नाएशिरोगावा या गावी झाली. त्यांना जपानी नावे घेण्यास मनाई होती. कोरियन भाषा, पेहराव आणि चालीरीती त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. गावाच्या टेकडीवर त्यांनी कोरियाचा आद्यपुरुष तान्गुन याचे पूजास्थान उभारले. या वस्तीतील बाराव्या शिम सू-ग्वान याने घडवलेली पात्रे १८७३ च्या व्हिएन्ना जागतिक प्रदर्शनात गाजली आणि 'सात्सुमा' हे नाव युरोपभर पोहोचले. घराण्याचे नाव आज पंधरावा वारस चालवतो. याच गावात १८८२ मध्ये पाक आडनावाच्या कुंभार कुटुंबात एक मुलगा जन्मला. वडिलांनी पुढे 'तोगो' हे जपानी आडनाव घेतले. तो मुलगा म्हणजे दुसऱ्या महायुद्धात पर्ल हार्बरच्या वेळी आणि शरणागतीच्या वेळीही जपानचा परराष्ट्रमंत्री असलेला तोगो शिगेनोरी.

१९९८ मध्ये या स्थलांतराला चारशे वर्षे झाली. त्या निमित्ताने पूर्वजांना जेथून नेले गेले त्या नाम्वोन शहरातून अग्नी आणून गावातील भट्टी पेटवण्यात आली. पूर्वज आले तेव्हा माती आणि हात कोरियन होते, अग्नी तेवढा जपानचा, असे गावात सांगितले जाते. चारशे वर्षांनी तो अग्नीही आला.

आरिता ते युरोप

यापेक्षाही दूरगामी परिणाम क्युशू बेटावरील आरिता येथे झाला. तोपर्यंत जपानमध्ये पोर्सलीन तयार होत नव्हते. त्यासाठी लागणारा केओलीनयुक्त दगड कुणाला सापडला नव्हता. परंपरेनुसार इ. स. १६१६ मध्ये यी साम-प्योंग या बंदिवान कोरियन कुंभाराने आरिताजवळील इझुमियामा येथे तो शोधला आणि जपानी पोर्सलीनची सुरुवात झाली. आरिताच्या डोंगरावरील देवस्थानात आज यी साम-प्योंगची पूजा होते. तेथील कमानही पोर्सलीनची आहे. १९१७ मध्ये त्याच्या स्मरणार्थ उंच स्तंभ उभारण्यात आला.

याच परिसरातील आणखी एक नाव स्त्रीचे आहे. पतीच्या निधनानंतर पेक पा-सोन हिने शेकडो कोरियन कुंभारांच्या समूहाचे नेतृत्व करून त्यांना आरिता येथे आणले, असे तिच्या स्मृतिशिलेवरून समजते. इ. स. १६५६ मध्ये वयाच्या शहाण्णवाव्या वर्षी तिचे निधन झाले. 'पेक पा-सोन' हेही तिचे जन्मनाव नव्हे. त्याचा अर्थ 'शंभरीची आजी' असा काहीसा होतो.

सतराव्या शतकाच्या मध्यास चीनमध्ये मिंग राजवट कोसळली आणि युरोपला होणारा चिनी पोर्सलीनचा पुरवठा आटला. डच ईस्ट इंडिया कंपनीने आरिताकडे मोर्चा वळवला. इमारी बंदरातून निघणारा हा माल 'इमारी' नावाने अॅमस्टरडॅमला पोहोचू लागला. जर्मनीत इ. स. १७१० मध्ये स्थापन झालेल्या माइसेन कारखान्याने प्रारंभीच्या काळात आरिताच्या काकिएमोन शैलीची हुबेहूब नक्कल केली. युरोपीय दिवाणखान्यांतील कपबशांच्या नक्षीमागे एका अपहृत कोरियन कुंभाराचा शोध होता, याची जाणीव त्या वेळी क्वचितच कुणाला असेल.

परकी सत्ता, परकी नजर

एकोणिसाव्या शतकात जोसन राज्य खिळखिळे झाले. बुन्वोनच्या सरकारी भट्ट्या १८८० च्या दशकात खासगी हातांत गेल्या आणि कारखान्यात तयार झालेल्या स्वस्त जपानी भांड्यांपुढे त्या टिकल्या नाहीत. १९१० मध्ये जपानने कोरिया गिळंकृत केला. केसाँगच्या आसपासची गोर्योकालीन थडगी खणून सेलाडॉन बाहेर काढण्याचा धंदा तेजीत आला. थडगी फोडणे हे कोरियन समाजाला घोर पाप. पण बाजारात भाव होता. हजारो पात्रे जपानला गेली. त्यांतील काही १९६५ च्या करारानंतर परत आली.

याला विरोध करणाऱ्यांत एक धनाढ्य तरुण होता : चोन ह्योंग-पिल. वारशाने मिळालेली संपत्ती त्याने देशाबाहेर जाणाऱ्या कलावस्तू विकत घेण्यात घातली. १९३५ मध्ये बगळे आणि ढगांचे भरणकाम असलेला एक सेलाडॉन घट त्याने एका जपानी व्यापाऱ्याकडून वीस हजार वोनला घेतला. तेवढ्या पैशांत सोलमध्ये वीस चांगली घरे आली असती, असे सांगतात. १९३८ मध्ये त्याने त्यासाठी खासगी संग्रहालय बांधले. आजचे कान्सोंग संग्रहालय ते हेच. तो घट आज कोरियाचा राष्ट्रीय ठेवा आहे.

राज्यकर्त्यांच्या देशातही काही वेगळे सूर होते. १९१४ मध्ये आसाकावा नोरिताका या शिक्षकाने विचारवंत यानागी सोएत्सु याला जोसन काळातील एक घट भेट दिला. त्या एका भेटीने यानागीच्या विचारांना दिशा मिळाली. ज्यावर कलावंताची सही नाही, जी रोजच्या वापरासाठी आहे, त्या वस्तूत खरे सौंदर्य असते, या त्याच्या 'मिंगेई' म्हणजे लोककलेच्या तत्त्वज्ञानाचे बीज त्यात आहे. १९२४ मध्ये त्याने सोलच्या राजवाड्यात कोरियन लोककलेचे संग्रहालय उघडले. नोरिताकाचा धाकटा भाऊ ताकुमी वनखात्यात नोकरीला होता. तो कोरियन भाषा शिकला, कोरियन पोशाखात वावरला, जुन्या भट्ट्यांच्या जागा धुंडाळत फिरला आणि भांड्यांच्या मूळ कोरियन नावांचा कोश त्याने सिद्ध केला. १९३१ मध्ये त्याचे निधन झाले. त्याची कबर सोलमध्येच आहे.

यानागीने कोरियन कलेचे वर्णन 'दुःखाचे सौंदर्य' असे केले. पुढील काळात अनेक कोरियन अभ्यासकांनी त्याला आक्षेप घेतला. बुन्चोंगच्या मोकळ्या फटकाऱ्यांत दुःख कोठे आहे, असा त्यांचा प्रश्न होता. शुभ्रता ही त्यांच्या मते शोकाची नव्हे, निवडीची खूण होती. जित लोकांच्या कलेत जेत्याला करुणाच दिसावी, हाही सत्तेचाच एक प्रकार, ही टीका दुर्लक्षण्याजोगी नाही. मात्र त्याच यानागीने सोलच्या राजवाड्याचे प्रवेशद्वार पाडण्यास जाहीर विरोध केला होता, हेही विसरता येत नाही.

यानागीचा मित्र, इंग्रज कुंभार बर्नार्ड लीच याने हा विचार पाश्चात्त्य जगात नेला. १९३५ मध्ये त्याने सोलमध्ये एक चंद्रघट विकत घेतला आणि तो इंग्लंडला नेला. पुढे तो कुंभार ल्यूसी री हिच्या लंडनमधील कार्यशाळेत तिच्या मृत्यूपर्यंत होता. १९९९ पासून तो ब्रिटिश संग्रहालयात आहे. या मित्रमंडळाशी भारताचाही धागा जुळतो. १९१९ मध्ये जपानला कुंभारकला शिकण्यासाठी गेलेले गुरचरण सिंग यांचा लीच आणि यानागी यांच्याशी स्नेह जडला. दिल्लीत परतून त्यांनी 'दिल्ली ब्ल्यू पॉटरी' उभारली आणि भारतीय स्टुडिओ पॉटरीचा पाया घातला. पुणे-मुंबईच्या प्रदर्शनांत आज दिसणाऱ्या साध्या घाटाच्या, मातकट झिलईच्या भांड्यांमागे हा दूरचा वारसाही आहे.

श्वास घेणारे रांजण

राजवाडे आणि संग्रहालये यांच्यापलीकडे, सामान्य कोरियन घरांत शतकानुशतके राज्य केले ते 'ओंग्गी' या तपकिरी रांजणांनी. किमची, सोयाबीनचे आंबवलेले गोळे, सोयाचे पाणी, तिखटाचा लगदा हे सारे त्यांत मुरते. भरड माती आणि राखेची झिलई यांमुळे भांड्याच्या अंगात सूक्ष्म छिद्रे राहतात. त्यांतून हवा खेळते, पाणी मात्र गळत नाही. म्हणूनच ओंग्गी 'श्वास घेते' असे म्हणतात. चिनी मातीच्या बरणीत लोणचे का टिकते आणि माठातले पाणी गार का होते, हे जाणणाऱ्या मराठी गृहिणीला ओंग्गीचे वर्म सांगावे लागणार नाही. बरणी आणि माठ यांच्या मधली ती वस्तू आहे. अंगणातील उंचवट्यावर ओळीने मांडलेले हे रांजण म्हणजे घराच्या सुबत्तेची खूण. एकोणिसाव्या शतकात ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याबद्दल छळ झालेल्या अनेक कुटुंबांनी डोंगरात आश्रय घेऊन ओंग्गी घडवण्याचा व्यवसाय पत्करला. भांडी विकण्याच्या निमित्ताने गावोगाव फिरता येई आणि विखुरलेल्या श्रद्धाबंधूंची खबरबात घेता येई.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लास्टिक आले, उंच सदनिका आल्या आणि अंगणे गेली. १९९० च्या दशकात खास किमचीसाठी बनवलेले शीतकपाट घरोघरी पोहोचले. ओंग्गीचे कुंभार झपाट्याने कमी झाले. १९९० मध्ये सरकारने ओंग्गी घडवण्याच्या कौशल्याला जतन करण्याजोग्या अमूर्त वारशाचा दर्जा दिला. सामुदायिक किमची करण्याच्या प्रथेचा २०१३ मध्ये आणि सोयाबीन आंबवण्याच्या परंपरेचा २०२४ मध्ये युनेस्कोने मानवतेच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला. पदार्थाला जागतिक मान मिळाला, तेव्हा तो ज्यात मुरतो त्या रांजणाकडेही लक्ष वळले.

पुन्हा पेटलेल्या भट्ट्या

१९४५ मध्ये कोरिया स्वतंत्र झाला. पण लगेच फाळणी आणि १९५० ते १९५३ चे युद्ध यांनी तो पुन्हा होरपळला. गोर्योची राजधानी केसाँग उत्तरेत गेली, तिच्यासाठी सेलाडॉन घडवणाऱ्या भट्ट्या दक्षिणेत राहिल्या. या पडझडीतही यू कुन-ह्योंग यांच्यासारख्या कुंभारांनी खापरांचे तुकडे गोळा करून, माती आणि राखेचे असंख्य प्रयोग करून पी-सेक रंग पुन्हा साधला. सोलच्या आग्नेयेस असलेले इचन हे त्यांचे केंद्र बनले. आरंभी त्यांचे मुख्य गिऱ्हाईक जपानी पर्यटकच होते, हा इतिहासाचा एक चमत्कारिक फेरा. २००१ पासून इचन आणि शेजारच्या शहरांत आंतरराष्ट्रीय मृत्तिका-कलेचा द्वैवार्षिक महोत्सव भरतो. २०१० मध्ये युनेस्कोने इचनला हस्तकला आणि लोककलेचे सर्जनशील शहर म्हणून मान्यता दिली. आजचे कोरियन कुंभार आपल्या पात्रांवर सही करतात, त्यांची प्रदर्शने भरतात, ज्येष्ठ कारागिरांना राज्याकडून मानधन मिळते.

किझाएमोन वाडगा घडवणाऱ्याला यातले काहीच मिळाले नाही. चाक थांबवून, ओल्या दोऱ्याने भांडे कापून त्याने ते फळीवर ठेवले असेल आणि मातीचा पुढचा गोळा उचलला असेल. त्याच्या वाडग्याच्या तळाशी मात्र चाकावरून उतरवतानाच्या खुणा अजून स्पष्ट दिसतात.